एका टिंबाची गोष्ट

१८ नोव्हेंबर

प्रिय सुध्या,

परवा फोनवर तू हसत म्हणालास, "आता सगळं ऑनलाइन झालंय, तू महिना महिना गावात करतोस काय?" तेवढ्यात रेंज गेली आणि माझं उत्तर तोंडातच राहिलं. म्हणून हे पत्र. तिकडे बंगळूरला बसून तू असलीच पोर्टलं बनवतोस, तेव्हा तुला ऐकून घ्यावंच लागेल.

आधी तुझ्या बाजूचं बोलतो. फीसवलतीसाठी उत्पन्नाचा दाखला काढायला आपण तालुक्याला किती खेपा घातल्या होत्या, आठवतं? साहेब मीटिंगला, क्लार्क जेवायला, तिसऱ्या दिवशी शिक्काच सापडेना. या जूनमध्ये पुतणीचा दाखला मी ओसरीवर बसून काढला. फोटो वीस केबीच्या आत हवा आणि कागद पंचाहत्तर केबीपेक्षा लहान नको, या भानगडीत एक संध्याकाळ गेली, पण एसटीचं भाडं वाचलं. मला दाखल्यापेक्षा त्याची पावती आवडली. तिच्यावर तारीख असते. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने मुदत ठरवून दिलीय. ती उलटली तर अपील करता येतं, उगाच अडवणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडही होऊ शकतो. "उद्या या" म्हणणाऱ्यावर कसलं अपील करणार होतास?

पीक पाहणीचंही, म्हणजे रानात कुठलं पीक आहे याच्या सरकारी नोंदीचंही, तसंच. पूर्वी चावडीत बसल्या बसल्या आपल्या रानात ज्वारी उभी राहायची, प्रत्यक्षात असायचा हरभरा. २०२१ पासून शेतकरी स्वतः बांधावर जाऊन फोटो काढतो. आमच्या माळाला रेंज नाही, म्हणून पोरं फोटो काढून देवळाच्या टेकडीवर चढतात आणि तिथून अपलोड करतात. संध्याकाळी तिथे जत्रा असते.

आत्याचा किस्सा तर ऐकच. मामांच्या मागे तिला पेन्शन आहे, त्यामुळे दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला. यंदा मशीनवर तिचा अंगठा उमटेना. जन्मभर खुरपं धरलेला अंगठा, रेघा उरल्यात कुठे! मग सेवा केंद्रातल्या मुलीने मोबाइल तिच्या तोंडासमोर धरला आणि म्हणाली, "आज्जी, पापण्या मिटा नि उघडा." आत्या म्हणाली, "जित्ती हाय हे दावायला डोळं मिचकवायचं व्हय?" पण काम झालं, तेही दोन मिनिटांत. तालुक्याच्या बँकेत रांगेत उभं राहण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं.

आता माझं दुखणं.

आईच्या नावावर माहेरकडून आलेली एकर-दीड एकर जमीन आहे, तुला माहीतच आहे. हस्तलिखित सातबाऱ्यावर स्वच्छ अक्षरात "शेवंताबाई". उतारे संगणकावर चढवले तेव्हा कुणाच्या तरी बोटाखालून टिंब निसटलं आणि आई "शेवताबाई" झाली. नंतर उतारे गावापुढे मोठ्याने वाचतात ते चावडीवाचन झालं, तेव्हा कानाला फरक कळला नसणार. इतकी वर्षं कुणाचं अडलंही नाही. यंदा शेतकरी ओळख क्रमांक काढायला गेलो, तर आधारवरचं नाव आणि उताऱ्यावरचं नाव जुळेना. माणसाला दिसतं की ही तीच बाई. मशीनला नाही दिसत.

तलाठ्याकडे गेलो (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण तोंडात तलाठीच येतं). माणूस चांगला. म्हणाला, "दादा, मलाही दिसतंय चुकलेलं. पण माझ्या लॉगिनला ती दुरुस्ती येतच नाही." जमीन महसूल कायद्याच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज, जुना हस्तलिखित उतारा, फेरफाराची (जमीन नावावर चढल्याच्या नोंदीची) नक्कल, मग आदेश, मग नोंद. पूर्वी त्याने पेन काढून टिंब दिलं असतं आणि मी चहा पाजला असता.

आता तू म्हणशील, हेच तर बंद करायचं होतं. बरोबर आहे तुझं. त्याच पेनाने वरच्या आळीत एकाचं निम्मं क्षेत्र भावाच्या नावावर गेलं होतं, आणि तो दहा वर्षं कोर्टात चपला झिजवत होता. पेनाला कुलूप लागलं ते चांगलंच झालं. पण चुका जुन्या पेनाने केलेल्या आणि कुलूप लागलं ते त्या चुकांसकट.

अर्ज केला. पंधरा दिवसांनी परत आला, शेरा एका ओळीचा: "योग्य कागदपत्रे जोडावीत." योग्य म्हणजे कुठला कागद? हे विचारायला त्या पडद्यावर माणूस नाही. शेवटी कचेरीत गेलो, एका कारकुनाने पाच मिनिटांत सांगितलं की फेरफाराच्या नकलेचं मागचं पान राहिलंय. त्या मागच्या पानासाठी मी गावात थांबलोय, सुध्या.

मला तर वाटतं, गावात ऑनलाइन सेवा म्हणजे ती सेवा केंद्रातली मुलगीच. बारावी झालेली, एक प्रिंटर, एक इन्व्हर्टर. म्हाताऱ्यांकडे मोबाइल नाही, म्हणून अर्ध्या आळीच्या अर्जांवर नंबर तिचा आणि ओटीपीही तिच्याच फोनवर येतात. ती प्रामाणिक आहे म्हणून चाललंय. उद्या ती लग्न होऊन गेली की आळीचे ओटीपीही सासरी जाणार! असल्या गोष्टी तुमच्या मीटिंगमध्ये कधी निघतात का? निदान त्या शेऱ्याच्या खाली एक फोन नंबर तरी टाकायला सांग, जो कुणीतरी उचलतो.

आई म्हणते, संक्रांतीला ये. तोवर टिंब आलेलं असेल असं तिला वाटतं.

आणि हो, केंद्रात बसलोच होतो तर तुमच्या गटाचाही उतारा काढला, १५ रुपये तुझ्याकडून येणे. आप्पांचं नाव ठीक आहे. तुझं मात्र "सुधार" पडलंय. अर्जाचा नमुना माझ्याकडे तयार आहे, मागच्या पानासकट.

तुझाच,
बंड्या