ओंकार, डबा परत आणू नकोस

भांडुप, सोमवार

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

काल तू दार आपटून आत गेलास, त्यानंतर बाबा टीव्ही बंद करून बराच वेळ तसेच बसले होते. समोरासमोर बोललं की आपले आवाज चढतात, म्हणून हे पत्र तुझ्या बॅगेत ठेवतेय.

केटी लागली, विषय राहिला, त्याबद्दल मला काही बोलायचं नाही. इंजिनीअरिंगचं ते तिसरं गणित, एम-थ्री, सुटेल. पण शुक्रवारचा डबा तसाच परत आला. पोळीची घडीसुद्धा मोडली नव्हती. आणि रात्री दोनलाही तुझ्या खोलीत दिवा असतो.

बारावीपर्यंत तू वर्गात पहिला. आता वर्गातले सगळेच कुठून तरी पहिले आलेले. त्यात सबमिशन, व्हायवा आणि सकाळची गाडी. अशा वेळी गडबडायला होतं, त्यात तुझी हुशारी कुठे कमी झाली? आमच्या शिक्षक प्रशिक्षणात भावनिक बुद्धिमत्तेवर एक तास होता. १९९० मध्ये सॅलोवे आणि मेयर या मानसशास्त्रज्ञांनी ही कल्पना मांडली. आपल्याला नेमकं काय होतंय ते ओळखायचं, समजून घ्यायचं, सांभाळायचं. कालचा तुझा राग म्हणजे मला तर तुझी भीतीच वाटली. ताणाने शरीरातलं कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं आणि येत असलेलं उत्तरही ऐन पेपरात आठवत नाही. जागरण करून वाचलेलं डोक्यात राहत नाही, म्हणून निदान सहा-सात तास...

बघ, शिकवायलाच लागले. माफ कर. पण जेवत जा रे.

तिसरीत वक्तृत्व स्पर्धेत तू भाषण विसरलास, आठवतं? खाली उतरला नाहीस. माइकवरच म्हणालास, “मला भीती वाटतेय, जरा थांबा.” आणि मग सगळं घडाघडा बोललास. बक्षीस नाही मिळालं, पण बाबा अजून सांगतात. परवाच खालच्या काकांना सांगत होते.

तसंच आता कुणाला तरी सांग. ताई नाशिकहून फोन करते, तो उचल. आमच्यापैकी कुणी नको असेल तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे. सरकारी आहे, मोफत, दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलतात. फोन केला म्हणून कुणी आजारी ठरत नाही.

आज घावन दिलेत. गार झाले तरी खा.

गुरुवारी बाबांनी सुट्टी टाकलीय. तुझ्याबरोबर दादरपर्यंत यायचं त्यांच्या मनात आहे, विचारायला धजत नाहीत. नको म्हणू नकोस.

तुझी,
आई