रिसर्च बाहेर द्या, पण ते कळणारी माणसं घरात ठेवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कंपन्या हल्ली नवीन प्रॉडक्टचं डिझाईन, सॉफ्टवेअर, अगदी रिसर्चसुद्धा बाहेरच्या पार्टनरकडून करून घेतात, त्यावर चर्चा खूप होते पण सगळी खर्च किती वाचला याचीच, करारात काय लिहिलंय आणि आपल्याकडे ते समजणारं कोण उरलंय हे कुणी विचारत नाही.

आयबीएमचंच बघा ना. 1981 ला पीसी आणला तो साधारण वर्षभरात, कारण प्रोसेसर इंटेलचा नि ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची. घाई होती, त्यामुळे बाहेरून घेतलं यात काही चुकलं नाही, पण तीच सिस्टिम इतरांना विकायचा हक्क मायक्रोसॉफ्टकडेच राहिला, मग कॉम्पॅक वगैरे कंपन्यांनी क्लोन (म्हणजे तशाच चालणाऱ्या नकला) काढले, मलई इंटेल-मायक्रोसॉफ्टने खाल्ली आणि 2005 मध्ये आयबीएमने पीसीचा धंदाच लेनोवोला विकला.

बोइंगच्या 787 विमानाची गोष्ट तर अजून भारी. पार्ट्स बनवणंच नाही तर त्यांचं बरंचसं डिझाईनही पार्टनरवर सोपवलं, पार्टनरनी त्यातलं काही पुढे अजून कुणाला दिलं, आणि जोडणीला आले ते अर्धवट तुकडे. मे 2008 ला द्यायचं पहिलं विमान सप्टेंबर 2011 ला दिलं! मधे 2009 मध्ये एका पार्टनरचा कारखानाच विकत घ्यावा लागला. आणि बोइंगच्याच एका इंजिनिअरने 2001 मध्ये पेपर लिहून सांगितलं होतं की बाहेर काम देताना पार्टनरकडे आपली माणसं बसवून लक्ष ठेवलं नाही तर महागात पडेल (असे पेपर वाचतं कोण म्हणा).

म्हणजे बाहेर देऊच नये असं नाही. साबण-डिटर्जंटवाल्या प्रॉक्टर अँड गॅम्बलने 2000 च्या सुमारास ठरवलं की निम्म्या नव्या कल्पना बाहेरून आणायच्या, पण आपली रिसर्चची टीम काही बंद केली नाही, कारण बाहेरचं चांगलं की टाकाऊ हे ओळखायलाही जाणकार लागतोच. आपल्याकडचे फायनान्सवाले नेमका त्याच्यावरच आधी कात्री चालवतात.

पेटंट कुणाचं, सोर्स कोड नि टेस्टचा डेटा कुणाकडे, दुसऱ्याला विकता येईल का, हे काम सुरू व्हायच्या आधी लिहून घ्या. पैसे टप्प्याटप्प्याने द्या. मात्र एखादा प्रयोग फसला म्हणून लगेच पार्टनरचं बिल अडवू नका, रिसर्च आहे तो, फसणारच, नाहीतर पुढच्या वेळी पार्टनर फसलेलं दडवून ठेवेल आणि तुम्हाला कळेल थेट लाँचच्या आदल्या आठवड्यात.

आपला,
एक वाचक