माप का गेलं ते विचारत जा

बाळा,

काल रात्री तू फोनवर म्हणलास, अण्णा चार वर्षं कोडिंग शिकलो अन् आता ते एआयच लिहायलंय, मला कोण घेणार. तेव्हा मला काही बोलता आलं नाही, तिसरी शिफ्ट होती आणि बस येऊन थांबली होती. पण रातभर मशीनवर तेच डोक्यात, म्हणून आता झोपायच्या आधी लिहायलोय.

मी पैठण तालुक्यातून संभाजीनगरजवळच्या वाळूजला आलो ते लेथवर, म्हणजे धातू फिरवत कापायच्या हातमशीनवर. 1985 ला बजाजचा कारखाना इथं सुरू झाला अन् त्याच्यामागं आमच्यासारखी कितीतरी छोटी वर्कशॉपं उभी राहिली, गावागावातल्या चुली त्यावर पेटल्या. मग सीएनसी आली, कॉम्प्युटरवर चालणारी मशीन. लेथवर हात बसलेले एकसे एक कारागीर होते, ते म्हणले हे आपल्याला जमणार नाही अन् गावाकडं गेले, मला आजपण त्यांचं वाईट वाटतं. मी टिकलो कारण मला जे उस्ताद भेटले ते रोज एकच विचारायचे, माप का गेलं? किती गेलं ते नाही, का गेलं. इन्सर्ट म्हणजे कापायचं पातं घासलं की आवाज बदलतो, चीप म्हणजे कापून पडणारा कीस निळा पडायला लागतो, बोअर म्हणजे आतल्या भोकाचं माप दोन-चार मायक्रॉननं, मिलिमीटरच्या हजाराव्या भागानं, सरकतं, हे लेथनं शिकवलं होतं अन् सीएनसीवर तेच कामाला आलं. उद्या हे सेन्सर सांगंल, काही ठिकाणी सांगायलंय पण, मग सेन्सर चुकलाय हे कळणारा माणूस लागंल.

तुझंपण तसंच आहे बघ. मागच्या दिवाळीत तू गावच्या डेअरीचा हिशोब मोबाईलवर करून दिलास, फॅट 3.5 च्या खाली गेली की दर कसा कापायचा तिथंच तो चुकत होता, अन् तू पहाटे पाचला डेअरीवाल्या काकांजवळ बसून एकेक पावती बघून ती चूक शोधलीस. एआयकडून कोड लिहून घे, त्यात कमीपणा नाही, पण पावती बघायला पहाटे तूच बस.

आमच्या लाईनवर क्लचचे गिअर होतात. इलेक्ट्रिक स्कूटरला ना क्लच, ना पिस्टन, ना सायलेन्सर. इलेक्ट्रिक स्कूटरवाल्या एथरनं इथं जवळच बिडकीनला प्लँट जाहीर केलाय, टोयोटा किर्लोस्करनं 2024 ला आपल्या संभाजीनगरला गाड्यांच्या कारखान्यासाठी करार केला, म्हणजे काम इथंच येणार पण माझं हे काम नाही. वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमचा 2025 चा अंदाज आहे की 2030 पर्यंत जगात 17 कोटी नव्या नोकऱ्या येतील अन् 9 कोटी 20 लाख जातील. बेरीज चांगली दिसते, पण ज्याची गेली त्यालाच नवी मिळंल असं कुठं आहे, म्हणून मी बॅटरी अन् मोटरचं शिकायला क्लास बघायलोय.

आणखी एक, हे नीट वाच. पुढं पर्मनंट कमी अन् ठरावीक मुदतीची नोकरीच जास्त मिळंल असं मला वाटतं. एका ठेकेदारानं माझ्या पगारातून 14 महिने पीएफ कापला अन् भरलाच नाही, ते कळलं तुझ्या आईच्या ऑपरेशनला पैसे काढायला गेलो तेव्हा, त्या दिवशी काउंटरवर माझे पाय गळाले. तू दर महिन्याला यूएएनचं, म्हणजे आपल्या पीएफ नंबरचं, पासबुक उघडून बघायचं. अपॉइंटमेंट लेटर हातात आल्याशिवाय रुजू व्हायचं नाही, 21 नोव्हेंबर 2025 पासून नवे कामगार कायदे लागू झालेत, त्यात ते द्यावंच लागतं, अन् मुदतीच्या नोकरीला ग्रॅच्युइटी पाच वर्षांऐवजी एका वर्षावर आलीय. हे मागताना लाजू नको.

मी दुपारी तीनला उठतो, तेव्हा फोन कर. अन् डेअरीवाले काका विचारायलेत, दूध संघानं दर बदललेत, तुझं ते मोबाईलवरचं दुरुस्त करून देतोस का?

तुझा अण्णा