तक्रार पत्र : स्टॅटिक आयपीचे पैसे घेऊन कनेक्शन सामायिक आयपीमागे ठेवल्याबाबत

प्रति,
मा. ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
सोलापूर विभागीय कार्यालय.

विषय : घरच्या राउटरला बाहेरून एसएसएच (दूरच्या यंत्रावर सुरक्षित लॉगिन) लागत नाही, दोष आपल्या नेटवर्कमध्ये आहे, त्याचे पुरावे व दुरुस्तीची मागणी.

महोदय,

जुळे सोलापूर येथील आमच्या घरगुती फायबर कनेक्शनवर आपण मासिक बिलाशिवाय स्टॅटिक आयपीचे, म्हणजे न बदलणाऱ्या स्वतंत्र इंटरनेट पत्त्याचे, वेगळे शुल्क घेता. हे शुल्क आम्ही एकाच कारणासाठी भरतो : पुण्यातील कॉम्प्युटरवरून घरच्या राउटरला थेट एसएसएच करता यावे. राउटरमागे कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर आहे आणि पाण्याच्या हौदाची पातळी दाखवणारा सेन्सर आहे. आपल्या शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येते. ज्या रात्री पाणी सुटते त्या रात्री हौद भरला की नाही हे बाहेरगावाहून पाहता आले नाही, तर घरातील वयस्कर माणसांना उठून टॉर्च घेऊन बघावे लागते. म्हणून ही तक्रार आम्ही सविस्तर लिहीत आहोत.

आमच्या परिसरातील आपल्या उपकरणांचे काम झाले तेव्हापासून बाहेरून केलेला प्रत्येक प्रयत्न 'कनेक्शन टाइम्ड आउट' म्हणून संपतो. कस्टमर केअरकडून दर वेळी एकच उत्तर मिळते : आमच्याकडून आयपी चालू दिसतो, राउटर रीस्टार्ट करा, नाही जमले तर फॅक्टरी रीसेट करा. राउटरमध्ये दोष नाही हे कसे ठरवले, ते आधी सांगतो.

घरातल्या वायफायवरून राउटरच्या आतल्या पत्त्यावर, म्हणजे १९२.१६८.१.१ वर, एसएसएच लगेच लागते. त्यामुळे सेवा सुरू आहे, लॉगिनची डिजिटल चावी बरोबर आहे, लॉगिनचे नाव बरोबर आहे. राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त राउटर-प्रणाली आहे. त्याच्या फायरवॉलमध्ये बाहेरच्या बाजूचे मूळ धोरण 'ड्रॉप' नसून 'रिजेक्ट' असते, आणि या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा पुरावा इथेच आहे. पोर्ट (सेवेचे क्रमांकित दार) बंद ठेवले असेल तर असा राउटर गप्प बसत नाही, तो ताबडतोब नकार पाठवतो आणि समोरच्या कॉम्प्युटरवर 'कनेक्शन रिफ्यूज्ड' असे उमटते. आम्ही पोर्ट उघडणारा नियम चालू ठेवून पाहिला, मग बंद करून पाहिला. चालू असताना लॉगिन यायला हवे होते, बंद असताना नकार यायला हवा होता. दोन्ही वेळा काहीच आले नाही, नुसता टाइमआउट. म्हणजे पॅकेट राउटरच्या दारापर्यंत पोचतच नाही.

हे डोळ्यांनी पाहावे म्हणून राउटरच्या पीपीपीओई इंटरफेसवर (लॉगिन करून आपल्या नेटवर्कशी जोडणाऱ्या बाजूवर) टीसीपीडम्प हे पॅकेट टिपणारे साधन लावून ठेवले आणि बाहेरून पोर्ट २२, २२२२, ४४३ आणि ५०००० च्या वरचे एक पोर्ट असे क्रमाने ठोठावले. घरातून बाहेर जाणारी वाहतूक त्या पडद्यावर धो-धो वाहताना दिसत होती, म्हणजे आम्ही पाहत होतो ती जागा बरोबर होती. आत येणारे एकही सिन (जोडणी मागणारे पहिले) पॅकेट दिसले नाही. पुण्याच्या ऑफिसची लाइन बाहेर जाणारी पोर्ट अडवत असेल अशी शंका येऊ नये म्हणून हीच चाचणी मोबाइलच्या हॉटस्पॉटवरूनही केली, आणि त्याच लाइनवरून त्याच पोर्टांवर दुसऱ्या सर्व्हरला जोडून पाहिले. ते लागले. नावाऐवजी थेट आयपी आकड्यांत दिला होता, त्यामुळे डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता शोधण्याचा, प्रश्नच येत नाही.

आता मूळ दोष. राउटरला पीपीपीओई सेशनमध्ये मिळणारा पत्ता १००.७२ ने सुरू होतो. १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा पट्टा २०१२ साली आरएफसी ६५९८ या इंटरनेट दस्तऐवजाने सेवा पुरवठादारांच्या सामायिक नॅटसाठी (अनेक ग्राहकांनी एकच सार्वजनिक पत्ता वाटून घेण्यासाठी) राखून ठेवला. तो इंटरनेटवर कुठूनही गाठता येत नाही, येणारही नाही. 'माझा आयपी काय' असे सांगणाऱ्या वेबसाइटवर वेगळाच सार्वजनिक पत्ता दिसतो आणि आपण करारात लिहून दिलेला स्टॅटिक पत्ता तिसराच आहे. हे तिन्ही एक असायला हवे होते. तीन वेगळे आहेत याचा अर्थ कनेक्शन आपल्या सीजीनॅटमागे, म्हणजे याच सामायिक नॅटमागे, आहे. अशा ठिकाणी राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग कितीही केले तरी उपयोग शून्य, कारण बाहेरून आलेले पॅकेट आपल्या नॅटच्या यंत्रावर थांबते आणि तिथे आमच्यासाठी कोणतीही नोंद नसते.

बाहेरून त्या स्टॅटिक पत्त्याकडे ट्रेसरूट (वाटेतले टप्पे दाखवणारी चाचणी) केला की पॅकेट आपल्या नेटवर्कमध्ये शिरते आणि मग आपलेच दोन राउटर आळीपाळीने दिसत राहतात, अगदी तिसाव्या टप्प्यापर्यंत. वरच्या राउटरला वाटते हा पत्ता खाली आहे, खालच्याला त्याचा मार्गच ठाऊक नाही, म्हणून तो पुन्हा वर पाठवतो. पत्ता आमच्या नावे बिलात आहे, पण कोणत्याही सेशनला जोडलेला नाही. कस्टमर केअरच्या पडद्यावर 'आयपी चालू' दिसतो तो बहुधा बिलिंगचा शिक्का असावा. रूटिंगमध्ये त्याचा पत्ता नाही.

सामायिक नॅट वापरण्याबद्दल आमची तक्रार नाही. आशिया-पॅसिफिकसाठीचा आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीच्या आयपी पत्त्यां) चा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्येच शेवटच्या राखीव तुकड्यावर आला, साध्या प्लॅनच्या ग्राहकांना स्वतंत्र पत्ता देणे कंपन्यांना सहसा परवडत नाही. पण म्हणूनच तर ज्याला हवा त्याच्याकडून वेगळे पैसे घेतले जातात. घेतलेल्या पैशांची वस्तू द्यावी, एवढेच म्हणणे आहे.

तक्रार वरच्या पातळीवर नेल्यावर आपल्या एका अभियंत्याने सेशन हाताने बांधून दिले. राउटरला खरा स्टॅटिक पत्ता मिळाला. पण पुढच्या वीजकपातीत ओएनटी (घरातले फायबरचे उपकरण) बंद पडला, सेशन नव्याने लागले आणि पत्ता पुन्हा १००.७२ वर गेला. सोलापुरात उन्हाळ्यात वीज किती वेळा जाते हे आपल्याला सांगायला नको. हाताने बांधलेले टिकत नाही. आमच्या युजरनेमच्या रेडियस (लॉगिन तपासून पत्ता ठरवणारा आपला सर्व्हर) प्रोफाइलमध्ये ठरावीक पत्त्याची नोंद नवीन उपकरणांकडे जाताना गळाली असावी आणि त्यामुळे प्रत्येक नवे सेशन सर्वसाधारण पूलमध्ये जात असावे, असे दिसते. सेशनचे लॉग आपल्याकडे आहेतच. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपायचे असतात. कोणत्या वेळी कोणता पत्ता दिला गेला हे त्यांत उघड दिसेल.

पत्ता खरा मिळाला होता तेवढ्या काळात दुसरा दोष सापडला. तो सहज नजरेतून सुटतो आणि पहिला दुरुस्त झाला तरी हा उरेल, म्हणून नीट लिहितो. बाहेरून एसएसएच लागायला सुरुवात व्हायची, राउटरवरील एसएसएचच्या आवृत्तीची ओळ यायची, आणि मग सगळे ठप्प. तपशीलवार लॉग चालू केला तर शेवटची ओळ दर वेळी एकच : चावी-देवाणघेवाणीच्या उत्तराची वाट पाहत आहे. त्या आधीची पॅकेट छोटी असतात. दोन्ही बाजूंनी आपापल्या अल्गोरिदमची लांबलचक यादी पाठवायची वेळ आली की पहिले मोठे पॅकेट निघते, आणि तेच वाटेत नाहीसे होत होते.

वाटेवर मावणाऱ्या पॅकेटच्या कमाल आकारातून (एमटीयू), म्हणजे १५०० बाइटांतून, पीपीपीओईचे ८ वजा जाता १४९२ उरतात. पिंगसाठी त्यातून आयपी आणि आयसीएमपी (नेटवर्कचे निरोप नेणारा प्रोटोकॉल) यांची डोकी, म्हणजे हेडर, मिळून २८ बाइट काढले की १४६४. राउटरमागच्या लॅपटॉपवरून 'तुकडे करू नको' असे बजावून पिंग केले. १४६५ वर राउटरने स्वतःच निरोप दिला की एवढे मोठे जाणार नाही, १४९२ च्या आत पाठवा. हे योग्य वर्तन. १४६४ पुढे गेले आणि गायब झाले. उत्तर नाही, निरोपही नाही. खाली येत येत १४२४ ला उत्तर येऊ लागले. म्हणजे आपल्या वाटेवर कुठेतरी फक्त १४५२ मावतात, आणि जो टप्पा मोठे पॅकेट टाकतो तो 'लहान करा' हा आयसीएमपी निरोप पाठवत नाही किंवा पुढे कोणीतरी तो अडवते. ४० बाइटांचा फरक पाहता ही वाहतूक नव्या एखाद्या टनेलमधून नेली जात असावी आणि मधल्या स्विचवर एमटीयू वाढवायचा राहिला असावा. राउटरच्या पीपीपीओई इंटरफेसचा एमटीयू १४५२ केल्यावर एसएसएच त्याच क्षणी सुरळीत झाले. पण ही तात्पुरती मलमपट्टी आहे. याच कारणाने आपल्या इतर ग्राहकांच्याही काही वेबसाइट अर्ध्यावर अडकत असतील आणि त्यांनाही 'राउटर रीस्टार्ट करा' हेच सांगितले जात असेल.

आता कस्टमर केअरच्या सल्ल्यांविषयी. हे मुद्दाम लिहीत आहोत, कारण हे सल्ले धोकादायक आहेत. आम्हाला डीएमझेड (एका यंत्राची सगळी पोर्ट बाहेर उघडी करणे) चालू करा, राउटरचे वेब पान बाहेरून उघडे ठेवा आणि पासवर्ड 'अॅडमिन' ठेवून बघा असे सांगण्यात आले. २०१६ साली मिराई हे बॉटनेट (ताब्यात घेतलेल्या उपकरणांचे जाळे) नेमक्या अशाच, कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेल्या कॅमेऱ्यांवर आणि राउटरांवर उभे राहिले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जर्मनीत दूरस्थ व्यवस्थापनाच्या ७५४७ या उघड्या पोर्टावरच्या हल्ल्यामुळे सुमारे ९ लाख घरगुती राउटर अडखळले. आमच्या राउटरवर पासवर्डने लॉगिन बंद आहे, फक्त ईडी२५५१९ प्रकारच्या चावीने प्रवेश मिळतो. ते तसेच राहील.

फॅक्टरी रीसेटचा सल्लाही निरुपद्रवी नाही. रीसेटने राउटरची ओळख-चावी नव्याने तयार होते आणि अधिकृत चाव्यांची फाइल पुसली जाते. पुढच्या वेळी कॉम्प्युटर 'समोरच्या यंत्राची ओळख बदलली आहे' असा इशारा देतो, आणि त्यावर आपल्याकडून उत्तर येते की नोन-होस्ट्स ही ओळखीच्या यंत्रांची फाइल उडवून टाका. हा इशारा मधे कोणी घुसले आहे का हे कळण्यासाठी असतो. आधी घरातल्या केबलने राउटरवर जाऊन नव्या चावीचा ठसा पडताळायचा, तो जुळला तरच जुन्या नोंदीची तेवढी एक ओळ काढायची. सरसकट फाइल उडवायला सांगणे म्हणजे ग्राहकाला कुलूप काढून ठेवायला सांगणे.

भाड्याचा सर्व्हर घेऊन उलटा टनेल किंवा वायरगार्ड हे व्हीपीएन लावता येते हे आम्हाला माहीत आहे. पण ज्याचे पैसे आपल्याला दिले आहेत तीच सोय दुसरीकडून विकत का घ्यावी?

तेव्हा आमची मागणी अशी. करारातील स्टॅटिक पत्ता आमच्या युजरनेमला रेडियसमध्ये कायमचा बांधावा आणि ओएनटी बंद-चालू करून तोच पत्ता परत मिळतो हे आमच्यासमोर दाखवावे. वाटेवरचा एमटीयू पूर्ण १४९२ करावा, आयसीएमपीचे 'तुकडे आवश्यक' हे निरोप अडवू नयेत. सुरक्षेसाठी काही पोर्ट बंद ठेवत असाल तर त्यांची यादी लेखी द्यावी. पोर्ट २२ बंद ठेवण्याला आमची हरकत नाही, न सांगता बंद ठेवण्याला आहे. आयपीव्ही६ (नवी पत्तापद्धत) सुरू करून राउटरला किमान /५६ प्रीफिक्स (पत्त्यांचा गट) द्यावा, म्हणजे पुढे हा प्रश्न इतका टोकाला जाणार नाही. पत्ता मिळाला नाही त्या काळाचे स्टॅटिक आयपी शुल्क पुढील बिलात वळते करावे.

या आधीच्या तक्रारींचे डॉकेट क्रमांक, टीसीपीडम्पची फाइल, ट्रेसरूट आणि पिंगचे निकाल सोबत जोडले आहेत. दखल घेतली गेली नाही तर दूरसंचार ग्राहक तक्रार निवारण विनियम, २०१२ नुसार आपल्याच अपील प्राधिकरणाकडे आणि त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे सेवेतील त्रुटीबद्दल दाद मागावी लागेल.

पुढचा फोन कस्टमर केअरकडून नको, आपल्या नेटवर्क विभागातील अभियंत्याकडून यावा. त्यांनी वेळ कळवावी. त्या वेळी आम्ही राउटरवर टीसीपीडम्प लावून ठेवू, त्यांनी आपल्या बाजूच्या बीएनजीवर (ग्राहकांची सेशन जिथे जोडली जातात त्या यंत्रावर) लावावा, आणि बाहेरून एकच एसएसएच करू. पॅकेट कुठपर्यंत येते हे दोघांनाही एकाच वेळी दिसेल.

कळावे,

आपला ग्राहक,
जुळे सोलापूर, सोलापूर.