सीझरच्या चादरीबद्दल आभार

आदरणीय सर,

नववी-दहावीच्या आयसीएसई वर्गांना शेक्सपिअरचं ‘ज्युलियस सीझर’ कसं शिकवायचं, हे तुम्ही आम्हा इंग्रजीच्या शिक्षकांना प्रत्यक्ष करून दाखवलंत. आभार फोनवर मानून झाले आहेत. पण तुमची पद्धत इतर शाळांतही पोचावी, म्हणून हे उघडं पत्र.

ब्रूटस आणि त्याचे साथीदार कट करून रोमच्या सीझरला मारतात आणि सीझरचा मित्र अँटनी लोकांना त्यांच्याविरुद्ध उठवतो, अशा या नाटकाची नेहमीची वाट सगळ्यांना ठाऊक आहे: गाईडमधला सारांश, अवघड शब्दांचे अर्थ, मग उताऱ्यावरचे प्रश्न. १५९९ साली रंगमंचावर आलेलं नाटक अशानं कुणाच्या कानावरच पडत नाही. तुम्ही सुरुवात केलीत ती ‘दाऊ’ आणि ‘यू’ या दोन शब्दांपासून. मुलांना ‘दाऊ’ जुना वाटतो, म्हणून ती तो आदरार्थी समजतात. नेमकं उलट आहे, हे मराठी मुलांना एका वाक्यात कळतं: दाऊ म्हणजे तू, यू म्हणजे तुम्ही. भावासाठी दया मागत पायाशी वाकलेल्या मेटेलसला सीझर कुत्र्यासारखं लाथाडण्याची भाषा करतो, तेव्हा तो ‘तू’वर असतो. ब्रूटसची बायको पोर्शिया त्याला सतत ‘यू’ म्हणते, तोही तिला ‘यू’च म्हणतो. मांडीवरची जखम दाखवून तिनं आपलं धैर्य सिद्ध केल्यावर मात्र तो तिच्याशी ‘दाय’वर (म्हणजे ‘तुझं’वर) येतो. मुलांनी पेन्सिलनं ही सर्वनामं गोल केली की नातं कुठे वळलं ते पानावरच दिसतं. आणि ब्रूटसनंही वार केल्यावर सीझर म्हणतो त्या ‘एत तू, ब्रूते’मधला (तूसुद्धा, ब्रूटस?) लॅटिन ‘तू’ तर आपल्याला भाषांतराशिवाय कळतो! (‘ब्रूते’चा उच्चार ‘ब्रूट’ होऊ देऊ नका, हे तुम्ही तीनदा बजावलंत. तरी होतोच.)

दुसऱ्या अंकातल्या ब्रूटसच्या स्वगतासाठी तुम्ही मुलांना बाकांमधून बाहेर काढलंत. वाचत चालायचं आणि प्रत्येक विरामचिन्हाला दिशा बदलायची. वर्गात हे जमत नाही, बाकांवर आपटतात, व्हरांडाच लागतो. एका वेळी आठ-दहा मुलं पुरेत. चालताना कळतं की हा माणूस सीझरला मारायचं ठरवून मोकळा झालाय आणि कारण मागाहून शोधतोय. मग ‘माइट’ आणि ‘मे’ मोजायचे. ‘सो सीझर मे; देन, लेस्ट ही मे, प्रिव्हेंट.’ म्हणजे सीझर तसं करू शकेल, म्हणून करण्याआधीच रोखा. सीझरनं केलेल्या गोष्टीची शिक्षा नाही ही, तो पुढेमागे करील त्याची आहे. ब्रूटसच्या शोकांतिकेवरच्या उत्तरात मुलं ‘तो थोर होता’ एवढंच लिहितात. हे दोन शब्द दाखवले की उत्तराला पुरावा मिळतो.

पण खरी शिकवण होती तिसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशाची, म्हणजे सीझरच्या खुनानंतर ब्रूटस आणि अँटनी गर्दीपुढे बोलतात त्याची. आमची चूक ठरलेली होती: पंचेचाळीस मुलांची गर्दी पहिल्या ओळीपासून ओरडायची, मग अँटनीला वळवायला कुणी उरायचंच नाही. तुम्ही पाच थांबे दिलेत: ब्रूटसचं भाषण संपल्यावर, अँटनी गहिवरून थांबतो तिथे, सीझरच्या मृत्युपत्राचा पहिला उल्लेख, वारांनी फाटलेला त्याचा झगा आणि शेवटी मृत्युपत्राचं वाचन. प्रत्येक थांब्याला हात वर, फळ्यावर आकडा. ब्रूटस गद्यात बोलतो आणि अँटनी पद्यात, याचा परिणाम त्या आकड्यांत उतरतो. अँटनीच्या पहिल्या भाषणात ब्रूटसबद्दल चार वेळा येणारं ‘ऑनरेबल मॅन’ चार वेगळ्या मुलांना द्यायचं. पहिल्यानं ते मनापासून म्हणायचं. उपरोध पहिल्याच वेळी आला की पुढचे तीन फुकट जातात.

झग्यासाठी जुनी सिंगल चादर, तीन भोकं, दोन मुलांनी खिडकीसमोर धरलेली. भोकांतून ऊन येतं आणि वर्ग गप्प होतो. अँटनी बोट ठेवत जातो: हे कॅशियसचं, हे कास्काचं, हे ब्रूटसचं. आणि तिथे तुम्ही हळूच विचारायला सांगितलंत, ‘याला कसं माहीत?’ मुलं मागची पानं उलटतात आणि सापडतं: वार झाले तेव्हा कटातल्या ट्रेबोनियसनं अँटनीला बाहेर नेलं होतं. अँटनीनं एकही वार पाहिलेला नाही. एरवी दोन तास खाणारा ‘वक्तृत्वाचं सामर्थ्य’ हा मुद्दा इथे दहा मिनिटांत आटोपतो. मुलांना तेवीस भोकं पाडायची असतात, कारण सीझरचं चरित्र लिहिणाऱ्या प्लुटार्ककडे तेवीस जखमा आहेत. शेक्सपिअरच्या नाटकात सीझरचा वारस ऑक्टेव्हियस तेहतीस म्हणतो. तीनच ठेवावीत, चादर टिकत नाही.

यानंतर गर्दी कटवाल्यांची घरं जाळायला धावते आणि मृत्युपत्र साफ विसरते. अँटनीलाच आठवण करून द्यावी लागते. माणशी पंच्याहत्तर ड्राक्मा, आणि तेही विसरले! ही ओळ आम्ही वर्षानुवर्षं ओलांडून जात होतो. सिना कवीचा पुढचा छोटा प्रवेशही आता गाळत नाही. कटातला सिना समजून त्याच नावाच्या या कवीला फाडणारी गर्दी तीच, मगाशी हात वर करणारी, हे मुलांनीच म्हणावं लागतं; आपण सांगितलं तर वहीत उतरतं आणि तिथेच राहतं.

चादर धुऊन, घडी घालून स्टाफरूमच्या कपाटात ठेवली आहे. कास्काचं भोक उसवत चाललंय. पुढच्या तुकडीआधी कडेनं टाके घालून ठेवतो.

आपले,
नववी-दहावीचे इंग्रजी शिक्षक