कॅम्परच्या गाद्यांसाठी स्वस्त आणि टिकाऊ फोम: मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. कॅम्परमधल्या (म्हणजे झोपण्या-राहण्याची सोय असलेल्या तुझ्या गाडीतल्या) बैठका पार बसल्या आहेत, रात्री कुशीवर वळलास की खालची फळी कंबरेच्या हाडाला लागते, आणि तयार गाद्यांच्या संचाची किंमत ऐकून तुला घाम फुटला, हे सगळे वाचले. स्वस्तात काही जमेल का, असे तू विचारले आहेस. जमेल, आणि चांगले जमेल. फक्त काटकसर मापात, कापणीत आणि माल कुठून घ्यायचा यात करायची, फोमच्या घनतेत करायची नाही, एवढे पथ्य पाळावे लागेल. मी आमच्या गाडीतला फोम याच रीतीने बदलला, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सवडीने वाच.

आधी तू कशाचे पैसे मोजणार आहेस ते पाहू. तयार संचाच्या किमतीत फोम असतोच, पण त्याबरोबर नवे कापड, शिवणकाम, चेन, तुझ्या गाडीच्या वेड्यावाकड्या मापांबरहुकूम केलेली कापणी आणि आकाराने अवाढव्य पण वजनाने हलका असा माल वाहून आणण्याचे भाडेही असते. तुझ्या खोळी अजून धड आहेत असे तूच लिहिले आहेस. मग त्या काढून धुऊन घे आणि नुसता आतला फोम बदल. एवढ्या एका निर्णयाने खर्चाचा मोठा भाग आपोआप गळून पडतो.

आता घनतेचे. विक्रेते ‘डेन्सिटी’ म्हणून जो आकडा सांगतात तो एक घनमीटर फोमचे किलोमधले वजन असते. टणकपणा ही अगदी निराळी गोष्ट आहे: ठरावीक मापाची गोल चकती फोमवर दाबून तो जाडीच्या २५ टक्के (काही पद्धतींत ४० टक्के) दबायला किती जोर लागतो, यावरून तो मोजतात. पॉलियुरेथेन फोम ज्या रसायनांपासून फुलवतात त्यांचे मिश्रण बदलले की कमी घनतेचा फोमही कडक बनवता येतो आणि जास्त घनतेचा मऊ. त्यामुळे दुकानात अंगठ्याने दाबून जो अंदाज आपण घेतो तो फक्त टणकपणाचा असतो. घनता कळते ती पुढे कधीतरी, जेव्हा हलका फोम बसतो आणि भारी फोम पुन्हा वर येत राहतो. स्वस्त गाद्यांचा सगळा खेळ या गोंधळावर चालतो. वीस-बावीस घनतेचा फोम कडक करून दिला की तो पहिल्या दिवशी फार भक्कम वाटतो आणि मग बरोबर कंबरेखाली खड्डा पडतो. रोज बसायच्या आणि निजायच्या जागी मी ३२ च्या खाली जाणार नाही, आणि शक्य असेल तर ४० घेईन.

विक्रेत्याने सांगितलेला आकडा खरा की खोटा, हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही, वजनकाटा पुरतो. लांबी, रुंदी आणि जाडी मीटरमध्ये घेऊन गुणायची आणि आलेल्या आकड्याला घनतेने गुणायचे, की वजन मिळते. ५० सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद आणि १० सेंटिमीटर जाड तुकडा ४० घनतेचा असेल तर बरोबर १ किलो भरला पाहिजे. ३२ चा असेल तर ८०० ग्रॅम. १९० बाय १२० ची १० सेंटिमीटर जाड अखंड शीट ३२ घनतेची म्हणून घेतलीस तर ती ७ किलो ३०० ग्रॅमच्या आसपास भरायला हवी, आणि काट्याने सव्वापाच किलो दाखवले तर तुझ्या हातात २३ घनतेचा माल आहे हे उघड आहे. थोडाफार फरक चालतो, कारण कापणीत मापे इकडेतिकडे होतात. एक पळवाट मात्र ध्यानात ठेव: वजन वाढवण्यासाठी काही फोमात खडूसारखी भुकटी मिसळलेली असते. असा फोम काट्यावर खरा उतरतो, पण कोपरा धरून ओढला की सहज फाटतो. म्हणून वजन करून झाले की एखाद्या टाकाऊ कडेला हलका हिसका देऊन पाहा.

पैसे कुठे जास्त घालायचे, हा पुढचा प्रश्न. यात बहुतेक लोक एक सरळसोट विचार करतात, की बैठकीला चांगला फोम घ्यावा आणि पाठीच्या गाद्यांना हलका चालेल, कारण पाठीचा भार तो कितीसा. घरच्या सोफ्याला हा हिशेब बरोबर आहे. कॅम्परमध्ये समोरासमोरच्या दोन बैठकांमधले टेबल खाली उतरवून जो पलंग तयार होतो, त्यात पाठीच्या गाद्या नेमक्या मधल्या जागेत येतात. पलंग आडवा वापरला, म्हणजे डोके एका बैठकीवर आणि पाय दुसऱ्या बैठकीवर, तर त्याच आपल्या कंबरेखाली येतात, म्हणजे शरीराचा सर्वांत जड भाग रात्रभर त्यांच्यावर. तेव्हा कोणती गादी रात्री कुठे जाते ते आधी पाहा, मगच तिची घनता ठरव. जी गादी पायाशी किंवा कडेला येते तिथे तू खुशाल काटकसर करू शकतोस. आणि सगळ्या गाद्यांची जाडी एकच ठेव, नाहीतर सांध्यांवर पायऱ्या पडतील.

जाडीबद्दल फार हावरेपणा करू नकोस. १५ सेंटिमीटरच्या हलक्या फोमपेक्षा १० सेंटिमीटरचा भारी फोम केव्हाही बरा, आणि कॅम्परमध्ये जाडीची किंमत आणखी एका प्रकारे मोजावी लागते: बैठक उंच झाली की डोके छताला लागते, पाय जमिनीला नीट टेकत नाहीत आणि टेबल मांडीवर येते. तू कुशीवर झोपणारा आहेस, तेव्हा खांदा आणि कंबर रुतायला थोडी मऊ जागा हवी. त्यासाठी खाली ७ ते ८ सेंटिमीटर टणक आणि वर ३ ते ४ सेंटिमीटर मऊ, असे दोन थर जोडून घे. त्याचा एक फायदा असा की पुढे वरचा थर थकला तर तेवढाच बदलता येतो.

फोमच्या जातींविषयी थोडक्यात. तुकडे दाबून एकत्र चिकटवलेला रिबॉन्डेड फोम स्वस्त, जड आणि चांगलाच टणक असतो. त्याची घनता बहुधा ८० च्या वर असते, पण तो आकडा साध्या फोमच्या आकड्याशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. खालचा थर म्हणून तो उत्तम, एकटा मात्र फळीसारखाच लागेल, शिवाय त्याचा भार गाडी प्रत्येक प्रवासात वाहणार. लेटेक्स, म्हणजे रबराचा फोम, आरामदायी आणि टिकाऊ असते, पण तेही जड आणि महाग. तुझ्या अंदाजपत्रकात ते बसत नाही. मेमरी फोमची जाहिरात अंतराळाच्या नावाने होते. तो नासासाठी १९६६ मध्ये विकसित झाला हे खरे, पण विमानातल्या आसनांसाठी. थंडीत तो कडक होतो, आणि रात्री गार पडणाऱ्या गाडीत अंथरुणात शिरल्यावर अंगाच्या उबेने तो मऊ होईपर्यंत वाट पाहावी लागते. मी तो घेणार नाही. बंद पेशींचा फोम, म्हणजे योगासनांच्या पातळ चटईसारखा, पाणी शोषत नाही, पण झोपायला फार कठीण. दाराजवळच्या बसायच्या पाटाला तो पुरे.

माल कुठे मिळेल ते आता पाहू. सर्वांत स्वस्त वाट म्हणजे कमी वापरलेली जुनी फोमची गादी कापणे. पाहुण्यांच्या खोलीतली, क्वचितच वापरलेली गादी कोणी काढून टाकत असेल तर तिच्यात तुझ्या सगळ्या बैठका निघू शकतात. खोळ उघडून आत पाहिल्याशिवाय ती घेऊ नकोस: आत स्प्रिंग नसाव्यात, वास नसावा, फोम बोटाने चोळल्यावर पिवळा चुरा पडू नये. वर एक सरळ पट्टी आडवी धरून मध्ये खड्डा दिसतो का ते बघ. थोडा दिसला तरी गादी वाया जात नाही, कारण कडेचा आणि पायाकडचा फोम बहुतेक वेळा नव्यासारखाच असतो आणि तुला तर तुकडेच हवे आहेत. दुसरी वाट म्हणजे गाद्या किंवा सोफे बनवणाऱ्या कारखान्यातले उरलेले कापीव तुकडे. मोठ्या ठोकळ्यातून शीट काढताना कडेचा माल उरतो, तो चांगल्या घनतेचा असूनही मापात बसत नाही म्हणून कमी भावात जातो. सोफा दुरुस्त करणाऱ्या कारागिरालाही विचारून ठेव. त्याच्याकडे तुकडेही असतात आणि कुठला माल टिकतो याचा अनुभवही. तिसरी वाट घाऊक विक्रेत्याकडून अखंड शीट घेऊन स्वतः कापण्याची. प्रत्येक गादी वेगळी कापून घेतलीस तर कापणीचे आणि वाया गेलेल्या फोमचेही पैसे तूच भरतोस. त्याऐवजी कागदावर लहान प्रमाणात सगळ्या गाद्यांचे आकार काढून कात्रीने कापून घे आणि शीटच्या चौकटीत फिरवून फिरवून बसव. एक शीट वाचली तरी बसल्या बसल्या बरीच बचत होते.

मापे घेताना जुन्या फोमवर विसंबू नकोस, तो कडांनी झिजलेला आणि आकसलेला असतो. खोळीचे आतले माप घे, बैठकीच्या फळीशी ताडून पाहा आणि फोम लांबी-रुंदीला एक ते दोन सेंटिमीटर मोठा काप, म्हणजे खोळ ताठ बसते. खरी कसरत आहे ती गाडीच्या भिंतीलगतच्या गादीची. भिंत वर आत झुकलेली असते, त्यामुळे त्या गादीचा वरचा चेहरा खालच्यापेक्षा अरुंद असतो. फळीवर पुठ्ठा ठेवून खालच्या बाजूचा एक साचा काढ, मग गादीच्या जाडीइतक्या उंचीवर दुसरा पुठ्ठा धरून वरचा साचा काढ. दोन्ही साचे फोमच्या दोन्ही बाजूंना आखले की सुरीचे टोक खालच्या रेघेवर आणि मूठ वरच्या रेघेवर ठेवून कापत जायचे. चाकाच्या फुगवट्याभोवतीचा खाचाही असाच निघतो. दोन पात्यांची विजेवर चालणारी स्वयंपाकघरातली सुरी या कामाला सर्वांत चांगली. ती नसेल तर लांब, पातळ आणि नुकतीच धार लावलेली सुरी घे, आणि फोम दाबू नकोस, कारण दाबलेल्या जागी कापलेली कड सोडल्यावर आत वळलेली निघते. एका दमात आरपार न जाता हलक्या हाताने तेच ते पुन्हा ओढत खोल जायचे.

तुकडे जोडायचे असतील तर फोमसाठी असलेला फवारा-गोंद दोन्ही पृष्ठांवर मार, चिकचिकीत होईपर्यंत थांब आणि मग एकमेकांवर ठेव. वरच्या कडेपासून सेंटिमीटरभर जागा गोंदाविना सोड, नाहीतर वाळलेल्या गोंदाची कडक रेघ अंगाला टोचते, आणि जोड कंबरेखाली येणार नाही असा आख. खोळीत घालण्याआधी फोमवर पातळ पॉलिएस्टर वॅडिंग (कापसासारखा मऊ थर) गुंडाळलेस तर कडा गोलसर दिसतात आणि कापड फोमवर घासत नाही. मोठी गादी आत शिरत नसेल तर तिला पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून व्हॅक्यूम क्लीनरने हवा ओढून घे. ती चपटी होते, आत सरकवायची आणि पिशवी ओढून काढायची. गुंडाळी करून आलेला नवा फोम आधी उघडून एक-दोन दिवस हवेशीर जागी मोकळा ठेव. तो पूर्ण फुलतो आणि नवेपणाचा वासही बराच कमी होतो.

नव्या फोमची वाट लावणारी आणखी एक गोष्ट म्हणजे खालचा ओलावा. रात्रभर अंगाची वाफ गादीतून खाली उतरते, थंड प्लायवूडला लागून तिचे पाणी होते आणि काही महिन्यांत गादीच्या पोटाला काळी बुरशी धरते. तुझ्या फळ्या सलग असतील तर त्यांना २५ ते ३० मिलिमीटरची भोके पाडून घे, किंवा फळीऐवजी अंतर ठेवून पट्ट्या लाव. गादीखाली हवा खेळती ठेवणारी जाळीदार चटईही मिळते. सकाळी गाद्या उभ्या करून ठेवण्याची सवय तर फुकटच आहे.

विस्तवाबाबत तुला सांगायची गरज नाही, तरी लिहितो: हा फोम झपाट्याने पेटतो आणि त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सायनाइड असतात. शेगडीजवळच्या गादीपुरता तरी आगरोधक फोम मागून घे, आणि खोळीविना फोम गाडीत वापरू नकोस.

आता तू एवढे कर: पलंग मांडून त्याचे वरून एक रेखाचित्र काढ, प्रत्येक गादी बैठकीची की पाठीची ते त्यावर लिही, आणि मापे सेंटिमीटरमध्ये टाकून मला पाठव. भिंतीलगतच्या गादीचे वरचे आणि खालचे माप वेगवेगळे लिहिशील तर मी कुठल्या शीटमधून काय निघते ती मांडणी करून उलटटपाली धाडतो. त्या आत एखादी जुनी गादी हाती लागली तर तिची जाडी आणि वजनही कळव.

कळावे, लोभ असावा.

तुझा स्नेही