सॉल्ट अ‍ॅनालिसिस मुलांना स्वतः करू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बारावीच्या प्रॅक्टिकल परीक्षा जवळ आल्या की बऱ्याच ज्युनिअर कॉलेजांत तेच चित्र दिसतं, वर्षभर क्लासला बसलेली मुलं शेवटी शेवटी लॅबमध्ये उगवतात, कोणाचं तरी जर्नल उतरवून काढतात आणि परीक्षेच्या दिवशी ओळखायला मिळालेलं आपलं सॉल्ट (क्षार) कुठलं हे कुठून ना कुठून कळतंच. केमिस्ट्रीचे ७० मार्क लेखीचे आणि ३० प्रॅक्टिकलचे, ते ३० मिळणारच असं सगळ्यांनी धरलंय, पालकांनीसुद्धा. सीईटी आणि नीटला टेस्ट ट्यूब धरावी लागत नाही हे मान्य, पण मी बरीच वर्षं हा विषय शिकवतेय आणि मुलांचं नेमकं काय हुकतंय ते मला दिसतं.

सॉल्ट अ‍ॅनालिसिस, म्हणजे दिलेल्या क्षारात कुठले आयन आहेत ते टेस्ट करून ओळखणं, हे काही तक्ता पाठ करणं नाही हो. झिंकचंच घ्या. धातूंचे आयन ठरलेल्या क्रमाने ग्रुप करून तपासतात, त्यातल्या दुसऱ्या ग्रुपला हायड्रोजन सल्फाइड गॅस सोडला तर कॉपरचा काळा साका येतो पण झिंक तसंच पाण्यात राहतं, का, तर आधी हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड घातल्यामुळे सल्फाइड आयन इतके कमी उरतात की ते कॉपरला पुरतात, झिंकला पुरत नाहीत. पुढे चौथ्या ग्रुपला अमोनिया असताना तोच गॅस सोडा, झिंकचा पांढरा साका येतो! सॉल्युबिलिटी प्रॉडक्ट (किती आयन झाले की साका पडतो ती मर्यादा) आणि कॉमन आयन इफेक्ट (तोच आयन आधीपासून असला की आयन सुटणं कमी होतं) फळ्यावर कितीही वेळा शिकवा, तो साका डोळ्यांनी पाहिल्यावर जे समजतं ते वेगळंच. तिसऱ्या ग्रुपलाही तेच, अमोनियम क्लोराइड घालायचं विसरून नुसता अमोनिया ओतला तर मॅग्नेशियमसुद्धा पांढरं खाली बसू शकतं आणि मुलगा बिनधास्त अ‍ॅल्युमिनियम लिहून मोकळा होतो. ही चूक वर्गात एकदा होऊ द्यावी, कारण शोधताना मुलं खरी केमिस्ट्री शिकतात.

फ्लेम टेस्टचं, म्हणजे क्षार तारेवर घेऊन ज्योतीचा रंग बघण्याचं, पण तसंच, कॅल्शियम विटकरी, स्ट्रॉन्शियम लालभडक, बेरियम पोपटी हे सगळ्यांना पाठ असतं पण तार नीट साफ केली नाही की सोडियमचा पिवळा रंग सगळं झाकून टाकतो हे कितीजणांनी बघितलंय? ज्योतीतला रंग नीट बघता बघताच बुन्सेन आणि किरख़ोफ़ या शास्त्रज्ञांना १८६० मध्ये सिझियम हे मूलद्रव्य सापडलं.

हायड्रोजन सल्फाइड विषारी आहे, आमच्याकडे फ्यूम कबर्ड (विषारी वायू बाहेर खेचणारं कपाट) नाही, असं कॉलेजं सांगतात आणि ती अडचण खरी आहे, तिथे उगाच धोका पत्करू नये. पण अमोनियम, लेड, आयर्न, अ‍ॅल्युमिनियम, बेरियम, कॅल्शियम यांना तो गॅस लागतच नाही, आणि क्लोराइड, सल्फेट, कार्बोनेटच्या टेस्ट तर टाइलवर थेंबाथेंबांनी होतात, खर्चही फार येत नाही.

मंडळाला माझी एवढीच विनंती आहे की परीक्षेत निळी-हिरवी सॉल्ट देऊ नयेत, ती रंगावरूनच ओळखू येतात, पांढरी द्यावीत. आणि मुलाने दिसलं ते खरं लिहिलं असेल तर शेवटचं उत्तर चुकलं तरी निरीक्षणाचे मार्क द्यावेत, तोंडीला एक्स्टर्नलने (बाहेरून आलेल्या परीक्षकाने) त्या मुलाच्या स्वतःच्या टेस्ट ट्यूबबद्दलच विचारावं.

– रसायनशास्त्राची एक शिक्षिका, सांगली जिल्हा